‘चेक’ला दुसरा शब्द शोधताना वाक्य का बिघडतं

तक्रार एकच असते, कागद तेवढा बदलतो. कधी नोकरीचा अर्ज, कधी एमबीएच्या प्रवेशासाठीचं निवेदन, कधी ऑफिसातला रिपोर्ट. परिच्छेदात ‘चेक’ चारदा आलेला असतो आणि ते बरं दिसत नाही. मग वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-७ दाबून समानार्थी शब्दांची यादी उघडायची, एका यादीतून दुसऱ्या यादीत उडी मारायची आणि जो शब्द सगळ्यांत भारदस्त दिसेल तो उचलायचा. अशा रीतीने ‘आय चेक्ड द बिल्स’चं ‘आय अ‍ॅडज्युडिकेटेड द बिल्स’ होतं. बिलं बिचारी कोर्टात उभी!

मी इंदूरला राजेंद्रनगरात इंग्रजीचे वर्ग घेते. भंवरकुआच्या कोचिंगमधून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं येतात, नोकरी बदलू पाहणारे येतात, मुलांच्या शाळेशी इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागणाऱ्या आयाही येतात. तपासणं आणि ठरवणं या अर्थाच्या क्रियापदांचा हा दोष सगळ्यांच्या वह्यांत सापडतो. म्हणून तो कुठून येतो आणि कसा काढायचा ते एकदा नीट लिहिते.

दोष कुठे आहे

यादी खोटी नसते. ती कोणासाठी आहे हे आपण विसरतो. इंग्रजीतला समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध कोश पीटर मार्क रोजे या डॉक्टरने १८५२ साली छापला. त्याने शब्द अकारविल्हे लावले नाहीत. अर्थाचे हजार मथळे केले आणि त्यांखाली शब्द लावले. मनात कल्पना तयार आहे पण शब्द ओठांवर येत नाही, अशा माणसासाठी ती सोय होती. शब्दाचा अर्थच माहीत नसलेल्याने त्यातून एखादा उचलावा, हा त्या कोशाचा हेतू कधीच नव्हता. विशेष म्हणजे चौकशी, प्रयोग, मोजमाप आणि निर्णय यांना रोजेने वेगवेगळे मथळे दिले होते. आपण एफ-७ दाबतो तेव्हा ही चारही घरं एकाच अंगणात उघडतात.

दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. इंदूरच्या मराठीला हिंदीचा शेजार आहे, आणि हिंदीचा ‘जाँच’ हा शब्द सगळं गिळतो. रक्ताची जांच, पोलिसांची जांच, कॉपीची म्हणजे उत्तरपत्रिकेची जांच. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी टेस्ट लागतं, दुसऱ्या ठिकाणी इन्व्हेस्टिगेट, तिसऱ्या ठिकाणी मार्क. मराठीत आपण ‘तपासणे’ हाच शब्द तिन्हीकडे चालवतो, आणि हल्ली तोही न वापरता ‘चेक करणे’ म्हणून मोकळे होतो. मूळ विचारच इतका ढोबळ झाल्यावर इंग्रजी शब्द नेमका कुठून येणार?

आणि आपल्याकडे शब्दांची काही कमी नाही. न्याहाळणं, पाहणी, छाननी, झडती, चौकशी, मागोवा, शहानिशा, खातरजमा, पडताळा, अजमावणं, जोखणं, पारखणं, आढावा, निवाडा. घरातली म्हातारी माणसं हे शब्द अजून सहज वापरतात. माझा उपाय इथूनच सुरू होतो: इंग्रजी यादी उघडण्याआधी ‘चेक’ मराठीत बदला. छाननी केली की शहानिशा? पाहणी की पारख? हे ठरलं की इंग्रजी शब्द शोधावा लागत नाही, बहुतेक वेळा तो समोरच उभा असतो. छाननी म्हणजे स्क्रुटिनी. निवडणूक आयोगाच्या वेळापत्रकात उमेदवारी अर्जांच्या छाननीची तारीख याच इंग्रजी शब्दाने छापलेली असते. खातरजमा म्हणजे व्हेरिफाय किंवा कन्फर्म. पाहणी म्हणजे इन्स्पेक्ट. आढावा म्हणजे रिव्ह्यू. अजमावणं म्हणजे ट्राय आउट, आणि लोकांचा कल अजमावायचा असेल तर गेज.

सराफ्यातली एक पाटली

वर्गात हे समजावताना मी सराफ्याचं उदाहरण देते. रात्री खाऊगल्ली होणारा सराफा नव्हे, दिवसाचा, सोन्याचा. जुनी पाटली मोडायला दिली की सराफ आधी ती उलटसुलट करून बघतो. सांधा कुठे आहे, झीज किती झाली आहे. हे इन्स्पेक्ट. मग कसोटीच्या दगडावर घासून रेघ उमटवतो, तिच्यावर आम्लाचा थेंब टाकतो. हे टेस्ट, आणि धातूपुरता खास शब्द अ‍ॅसे. बीआयएसची म्हणजे भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेली जी केंद्रं दागिन्यांवर शिक्का मारतात, त्यांचं नावच अ‍ॅसेइंग अँड हॉलमार्किंग सेंटर आहे. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक असेल आणि तुम्ही तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून पाहिलात, तर ते व्हेरिफाय. तोलून, घट वजा करून सराफ रक्कम सांगतो तेव्हा तो अप्रेझ करतो. आणि ‘हे बावीसचं नाही, अठराचं आहे’ असं म्हणतो तिथे जज.

वस्तू एकच, व्यवहार एकच, तरी यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ‘ही अप्रेझ्ड द जॉइंट’ म्हटलं तर सांध्याची किंमत काढली असा अर्थ होईल.

गंमत अशी की यातले बरेच इंग्रजी शब्द मुळातच सोन्या-चांदीच्या बाजारात वाढलेले आहेत. एक्झामिनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ तराजूचा काटा. टेस्ट हे आधी भांड्याचं नाव होतं, ज्यात मौल्यवान धातू तापवून कस काढत. अप्रेझमध्ये प्राइस दडलेली आहे. बाजाराबाहेरचेही काही आहेत. इन्व्हेस्टिगेटच्या पोटात पाऊलखुणा आहेत, म्हणजे आपला ‘मागोवा’ जसाच्या तसा. ऑडिट म्हणजे ऐकणं, कारण पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि अधिकारी ऐकत. असेस म्हणजे न्यायाधीशाच्या शेजारी बसणं, आणि इंग्रजीत हा शब्द आधी कर ठरवण्यासाठी आला. प्राप्तिकराच्या कागदांवर असेसमेंट हा शब्द आपल्या इतक्या परिचयाचा आहे तो त्यामुळेच. व्हेट हा तर जनावरांच्या डॉक्टरचा शब्द. शर्यतीआधी घोडा तपासावा तसं आज उमेदवाराला किंवा मजकुराला आधी पारखून घेणं.

ही मुळं पाठ करायची गरज नाही. पण शब्दामागचं चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की तो भलत्या ठिकाणी टाकताना हात अडखळतो, आणि तेवढं पुरतं.

निकाल लागला का?

तरीही गोंधळ झाला तर एक प्रश्न विचारा: या क्रियापदात निकाल आहे का? एक्झामिन, इन्स्पेक्ट, इन्व्हेस्टिगेट, प्रोब, स्क्रुटिनाइझ यांत फक्त बघणं आणि खणणं आहे, निकाल अजून हवेत आहे. जज, डीम, रूल, कन्क्लूड, अ‍ॅडज्युडिकेट यांत निकाल लागला. असेस, इव्हॅल्युएट, अप्रेझ, गेज, एस्टिमेट मधल्या पायरीवर आहेत. त्यांत तोलणं आहे आणि तोलातून काहीतरी आकडा, दर्जा किंवा अंदाज बाहेर पडतो. ‘आय एक्झामिन्ड दॅट द मशीन वॉज फॉल्टी’ हे वाक्य याच कारणाने कोसळतं. ‘दॅट’च्या पुढे निकाल आहे आणि एक्झामिनपाशी तो नाही. तिथे फाउंड हवं. फाउंड हा साधा शब्द आहे म्हणून मुलं त्याला कमी लेखतात, पण कोर्टही माणसाला दोषी ‘फाइंड’च करतं.

आपल्या शहराच्या स्वच्छतेवरून हा फरक छान कळतो. स्वच्छ सर्वेक्षणाचे लोक वस्त्यांत, बाजारांत, सार्वजनिक शौचालयांत फिरतात तेव्हा इन्स्पेक्ट करतात. पालिकेने केलेले दावे जागेवर पडताळतात तेव्हा व्हेरिफाय करतात. गुण देतात तेव्हा असेस करतात. मग येतात रेट आणि रँक, आणि बहुतेकांची इथे हमखास गल्लत होते. रेटिंग स्वतःच्या मोजपट्टीवर असतं, रँकिंग इतरांच्या तुलनेत. २०२२ मध्ये इंदूरला कचरामुक्त शहर म्हणून सात तारे मिळाले, हे रेटिंग. २०१७ पासून वर्षामागून वर्ष पहिला क्रमांक मिळाला, हे रँकिंग. २०२३ मध्ये सुरतही आपल्याबरोबर पहिलं होतं, म्हणजे रँक वाटून घेता येते हेही कळलं. असो, तो विषय निघाला की इंदूरकर थांबत नाही.

परीक्षा, परीक्षक, परीक्षण

हा मराठी घरांतला खास दोष, म्हणून जरा थांबून सांगते. संस्कृतातून आलेला ‘परीक्षण’ आपण कुठे कुठे वापरतो पाहा: माती परीक्षण, लेखापरीक्षण, पुस्तक परीक्षण, रांगोळी स्पर्धेचं परीक्षण. इंग्रजीत हे अनुक्रमे टेस्टिंग, ऑडिट, रिव्ह्यू आणि जजिंग. चार वेगळे शब्द, आणि एकही एक्झामिनेशन नाही! गणेशोत्सवातल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं इंग्रजीत छापायची झाली की ‘परीक्षक’ची हमखास एक्झामिनर होते. एक्झामिनर शाळेत, विद्यापीठात, पेटंट कार्यालयात असतो. गाण्याच्या, रांगोळीच्या, वक्तृत्वाच्या स्पर्धेत बसतो तो जज. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागण्याआधी एवढं बघून घ्यावं.

परीक्षेची क्रियापदं तर उलटी आहेत. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत विद्यार्थी टेक करतो, ब्रिटिश पद्धतीत सिट करतो, आणि गिव्ह करतात ते शिक्षक. ‘आय गेव्ह द एक्झाम’ हे वाक्य भारतात सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही प्राध्यापक आहात. पेपर तपासण्यालाही चेक नको. ब्रिटिश इंग्रजीत मार्क, अमेरिकन इंग्रजीत ग्रेड. रिव्हाइजचंही तसंच: परीक्षेआधीची उजळणी या अर्थाने तो ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे चालतो. अमेरिकेत उजळणीला रिव्ह्यू म्हणतात आणि रिव्हाइज म्हणजे मजकुरात बदल करणं. तिकडच्या प्राध्यापकाला ‘मी तुमच्या नोट्स रिव्हाइज केल्या’ असं लिहिलंत तर त्याला धक्का बसेल.

‘क्रिटिकली एक्झामिन’ म्हणजे झोडपणं नव्हे

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेची तयारी करणारी मुलं हा प्रश्न घेऊन येतातच. प्रश्नाच्या शेवटी कधी एक्झामिन असतं, कधी अ‍ॅनलाइझ, कधी असेस, इव्हॅल्युएट, कमेंट, डिस्कस. मुलं सगळ्यांना एकच उत्तर लिहितात, वर म्हणतात ‘ताई, मुद्दे तर सगळे होते’. मुद्दे होते, पण विचारलेलं काम झालं नव्हतं. अ‍ॅनलाइझमध्ये गोष्ट सुटी करून भाग आणि त्यांचे संबंध दाखवायचे असतात. एक्झामिनमध्ये विधानाच्या आत शिरून कारणं, परिणाम, आधार बघायचे असतात. असेस आणि इव्हॅल्युएट यांत कितपत यश आलं, किती उपयोग झाला हे तोलून सांगावं लागतं. तिथे नुसती माहिती दिली तर उत्तर अर्धं राहतं. वर दिलेला निकालाचा प्रश्न इथे थेट कामाला येतो.

आणि ‘क्रिटिकली’ दिसलं की मुलं सरकारवर तुटून पडतात. हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचा अर्थ वेगळं करणं, निवडणं, ठरवणं. मराठीत ‘टीका’चंही असंच झालं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, आणि ज्ञानेश्वरांनी गीतेला नावं ठेवली असं कुणी म्हणत नाही. तेव्हा क्रिटिकली म्हणजे दोन्ही बाजू सुपात घेऊन पाखडायच्या आणि शेवटी आपला कौल द्यायचा. क्रिटिसाइझ मात्र आज बहुतेक वेळा दोष दाखवण्यासाठीच वापरतात, म्हणून पत्रात एखाद्याच्या कामाचं ‘परीक्षण केलं’ असं म्हणायचं असेल तर रिव्ह्यूडच लिहा.

एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशन, दहावी नव्हे) किंवा बँकेच्या पेपरात चार पर्यायांतून समानार्थी शब्द निवडायचा असतो, तिथे हे सगळं सोडा. तिथे ‘सगळ्यांत जवळचा’ एवढंच विचारलेलं असतं. स्क्रुटिनाइझला एक्झामिन हेच उत्तर, गुण घ्या आणि पुढे चला. अडचण तेव्हा होते, जेव्हा त्याच पाठ केलेल्या जोड्या निबंधात आणि पत्रात उतरतात.

शब्द बरोबर, तरी वाक्य खटकतं

शब्द योग्य निवडला तरी त्याच्या मागे काय जोडायचं यात घसरगुंडी होते. ‘इन्व्हेस्टिगेटेड इनटू द मॅटर’ हे फार दिसतं. नाम असेल तर ‘इन्व्हेस्टिगेशन इनटू’ बरोबर, क्रियापद असेल तर इनटू काढा. इन्क्वायरला मात्र इनटू लागतं, लुकलाही. रूलला ऑन लागतं. डीमची मांडणीच वेगळी: ‘वी डीम इट नेसेसरी’, मध्ये अ‍ॅज नाही, अबाउट तर नाहीच. डिस्कसलाही अबाउट नको, पण त्याबद्दल आता बोलवत नाही.

यावर सोपा उतारा आहे. समानार्थी शब्दांच्या यादीतून शब्द घेतलात की तो तसाच चिकटवू नका. ऑक्सफर्ड किंवा लाँगमनच्या, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असलेल्या शब्दकोशात तो उघडा आणि खालची उदाहरणवाक्यं वाचा. कर्ता कोण आहे, कर्म कसलं आहे, मागे कोणता छोटा शब्द आहे. तुमचं वाक्य त्या तीनपैकी एका जरी बाबतीत जुळत नसेल तर तो शब्द तुमचा नाही. इंग्रजी-हिंदी शब्दकोश इथे उपयोगी नाही, तो पुन्हा ‘जाँचना’वर आणून सोडतो.

जजबद्दल दोन शब्द. ‘मला जज करू नकोस’ हे आता आमच्या मुलांच्या मराठीत पक्कं बसलं आहे, आणि त्यात त्याचा अर्थ ‘माझ्याबद्दल वाईट मत बनवू नकोस’ एवढाच उरला आहे. ही छटा इंग्रजीतही आहे, म्हणून माणूस कर्म असेल तिथे जज टाळलेलं बरं. वरिष्ठांना लिहिताना ‘आय जज द व्हेंडर टू बी रिलायेबल’पेक्षा ‘आय कन्सिडर द व्हेंडर रिलायेबल’ शांत आणि सरळ आहे. कन्सिडरनंतर अ‍ॅज नको.

सगळ्यांत महागात पडणारं त्रिकूट लुक ओव्हर, ओव्हरलुक आणि ओव्हरसी. लुक ओव्हर म्हणजे नजर टाकणं. ओव्हरसी म्हणजे देखरेख. ओव्हरलुक म्हणजे नजरेतून सुटणं किंवा दुर्लक्ष करणं. ‘आय हॅव ओव्हरलुक्ड युअर डॉक्युमेंट्स’ असं ग्राहकाला लिहिणं म्हणजे तुमच्या कागदांकडे मी बघितलंच नाही असं सही करून कळवणं. ओव्हरसाइट तर दोन्हीकडून बोलतो, देखरेख आणि नजरचूक. कोणता अर्थ घ्यायचा ते वाक्यच ठरवतं, म्हणून नवख्याने तो वापरूच नये. परूझ आणि स्कॅन यांनाही असेच दोन चेहरे आहेत: बारकाईने वाचणं आणि वरवर चाळणं. सरकारी पत्रातलं ‘फॉर युअर काइंड परूझल’ राहू द्या, ते ठरलेलं आहे. बाकी ठिकाणी ‘रीड केअरफुली’ लिहा, कुणाचा गैरसमज होणार नाही.

जिथे शब्द बदलायचाच नाही

कायद्याच्या आणि हिशेबाच्या कागदांत समानार्थी शब्द शोधणं हाच दोष आहे. फौजदारी प्रक्रियेत इन्व्हेस्टिगेशन, इन्क्वायरी आणि ट्रायल या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पुरावा गोळा करण्यासाठी पोलीस करतात ते इन्व्हेस्टिगेशन. दंडाधिकारी किंवा न्यायालय ट्रायलखेरीज जी चौकशी करतं ती इन्क्वायरी. १९७३ च्या संहितेत हा भेद होता, तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मराठीत तपास आणि चौकशी हा फरक आहेच, फक्त बातम्यांत तो पाळला जात नाही.

उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात ज्यांचं प्रकरण चालू आहे अशांची पत्रं माझ्याकडे भाषा नीट करायला येतात, तेव्हा मी रिव्ह्यू, रिव्हिजन आणि अपील यांना हात लावत नाही. न्यायालयाने स्वतःचाच आदेश पुन्हा पाहणं म्हणजे रिव्ह्यू. सर्वोच्च न्यायालयाला तो अधिकार घटनेच्या कलम १३७ ने दिला आहे. खालच्या न्यायालयाने अधिकारकक्षा ओलांडली का हे वरच्या न्यायालयाने पाहणं म्हणजे रिव्हिजन. अपील तिसरंच. पानभर रिव्ह्यू रिव्ह्यू झालं तरी चालेल. अशा कागदात ‘आय वॉन्ट द कोर्ट टू रीएक्झामिन’ असं सुंदर करून लिहिलेलं दिसलं, तर ते खोडा आणि वकिलाने जो शब्द दिला आहे तोच परत लिहा.